तंत्रज्ञान कंपनी वाढवताना काय शिकलो: आधी टिकाव, मग वाढ

घडणावळ

नमस्कार.

नोकरी सोडल्यानंतरची माझी सगळी वर्षं सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या करण्यात गेली. एक कंपनी पुढे एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, दुसरी स्वतःच्या कमाईवर चालू आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणांशी बोलणं होतं आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, फंडिंग कसं मिळवायचं. मला त्याच्याही आधीच्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, कारण चांगली माणसं आणि चांगली प्रॉडक्ट्स मी तिथेच अडकलेली पाहिली आहेत.

एकदा आलेला ग्राहक राहतो का? हा तो प्रश्न. याचं उत्तर समाधानकारक नसेल तर वाढीवर पैसा लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब करून बघा. महिन्याला ५ टक्के ग्राहक सोडून जात असतील तर महिन्याच्या बैठकीत कुणी दचकत नाही. पण वर्षाअखेरीस सुरुवातीच्या १०० पैकी ५४ उरलेले असतात. गळती २ टक्के असेल तर ७८ उरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गळती वाढीला मर्यादा घालते. महिन्याला ५० नवे ग्राहक येतात आणि असलेल्यांपैकी ५ टक्के जातात, अशी कंपनी १००० ग्राहकांच्या आसपास थांबते. कारण तिथे येणारेही ५० आणि जाणारेही ५०. हीच गळती २ टक्क्यांवर आणली तर महिन्याचे तेच ५० ग्राहक कंपनीला २५०० पर्यंत नेतात. जाहिरातीचा खर्च तेवढाच.

एकूण ग्राहकसंख्येच्या आलेखात हे दिसत नाही. जाणाऱ्यांपेक्षा नवे ग्राहक जास्त येत असेपर्यंत तो वर जातच राहतो आणि सगळे खूश असतात. म्हणून मी ग्राहक महिन्यांच्या तुकड्यांनी बघतो. जानेवारीत आलेले किती राहिले, फेब्रुवारीत आलेले किती राहिले, अशा कोहॉर्टच्या, म्हणजे एकाच महिन्यात आलेल्या गटाच्या, रेघा वेगवेगळ्या काढायच्या. रेघ सुरुवातीला घसरणारच. काही महिन्यांनी ती आडवी होते की शून्याकडे जात राहते, एवढंच पाहायचं. अगदी ३० टक्क्यांवर का होईना, पण आडवी झाली, तर प्रॉडक्टला कुणाच्या तरी आयुष्यात कायमची जागा मिळालेली आहे. मग त्या ३० टक्क्यांसारखी माणसं शोधायची. रेघ आडवीच होत नसेल तर मार्केटिंगचा प्रत्येक रुपया फक्त निराश माणसांची संख्या वाढवतो.

याचं सर्वात मोठं उदाहरण म्हणून मी वेबव्हॅनकडे बघतो. घरपोच किराणा देणारी ही अमेरिकन कंपनी. १९९९ मध्ये तिने स्वयंचलित गोदामं बांधण्यासाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला आणि त्याच वर्षी ती शेअर बाजारात उतरली. २००१ च्या जुलैमध्ये बंद पडली. कल्पना चुकीची नव्हती, तसा व्यवसाय आज जगभर चालतो. पण ती गोदामं प्रचंड मागणी गृहीत धरून उभी केलेली होती, आणि पहिल्या शहरात ग्राहक किती वेळा परत मागवतो, एका ऑर्डरवर पैसे सुटतात का, हे सिद्ध होण्याआधी दुसऱ्या शहरांची तयारी सुरू झाली होती. रिकामं गोदाम रोज खर्च खातं.

किमतीबद्दल थोडक्यात. बहुतेक नवे फाउंडर किंमत फार कमी ठेवतात, भीतीपोटी. कमी किमतीचा ग्राहक सहज येतो आणि सहज जातो. त्याला प्रॉडक्ट शिकून घ्यायची निकड नसते. किंमत वाढवून बघितल्याशिवाय आपल्या प्रॉडक्टची किंमत कळत नाही. पहिल्या काही सौद्यांत "महाग आहे" असं कुणीच म्हणालं नाही तर किंमत कमी आहे असं समजावं.

आणि माणसांबद्दल. दहा जणांची कंपनी आणि पन्नास जणांची कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर इथे माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलेली मंडळी असतील, त्यांनी लिहावं. मतभेद असतील तर जरूर मांडा.

ओंजळ

फार उपयोगी लिहिलंत. आम्ही दोघी फाउंडर आहोत, छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. पैसे देणारे ग्राहक मोजकेच आहेत. त्यात टक्केवारी काढायची तर एक दवाखाना गेला की आकडा एकदम उडी मारतो. मग टिकाव मोजायचा कसा? आणि दुसरी अडचण, ज्या गुंतवणूकदारांना भेटतो ते फक्त वाढीचा दर विचारतात. टिकावाबद्दल बोलायला गेलं की त्यांना वाटतं आम्ही विषय टाळतोय.

घडणावळ

ओंजळ, ग्राहक कमी असताना टक्केवारी सोडून द्या. तेव्हा प्रत्येक ग्राहक नावानिशी माहीत असतो, हाच फायदा आहे. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, वापर. पैसे भरणं हा उशिरा मिळणारा संकेत आहे. माणूस आधी वापरणं थांबवतो आणि नंतर कधीतरी पैसे थांबवतो. तुमच्या बाबतीत रोजची नोंद कोण करतं, रिसेप्शनवरची व्यक्ती की डॉक्टर? ज्या दवाखान्यात ती नोंद सलग दोन आठवडे बंद आहे तो ग्राहक जवळजवळ गेलेला आहे, बिल अजून येत असलं तरी. त्यांना लगेच फोन करा, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जाऊन शेजारी बसा.

दुसरी, स्टार्टअपच्या वाढीवर काम करणारे शॉन एलिस यांचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे. उद्यापासून हे प्रॉडक्ट वापरता आलं नाही तर तुम्हाला कसं वाटेल? "खूप निराशा होईल" असं ४० टक्के किंवा जास्त लोक म्हणत असतील तर पाया बरा आहे, असा त्यांचा ठोकताळा. मोजक्या ग्राहकांत ४० टक्क्यांना अर्थ नाही, पण प्रश्न विचाराच. "खूप निराशा होईल" म्हणणारे कोण आहेत आणि त्यांच्यात समान काय आहे, यातून पुढचा ग्राहक कुठे शोधायचा ते कळतं.

तिसरी, गेलेल्या ग्राहकाशी बोलणं. हे कुणालाच नको असतं. पण सोडून गेलेला माणूस आता तुमचं मन राखायला बांधील नसतो, त्यामुळे सर्वात खरं तोच बोलतो. तिथे त्याला परत आणायचा प्रयत्न करू नका, फक्त ऐका. मी नेहमी विचारतो, "आता हे काम कसं करता?" उत्तर "कागदावर" असेल तर प्रॉडक्ट त्रासदायक होतं. उत्तर "दुसऱ्या कंपनीचं घेतलं" असेल तर गरज खरी आहे, आपण कमी पडलो. उत्तर "आता ते करतच नाही" असेल तर ती गरज मुळात आपण कल्पिलेली होती. तिन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

गुंतवणूकदारांबद्दल: वाढीचा दर विचारला तर तो सांगाच, आणि त्याच स्लाइडवर कोहॉर्टच्या रेघा दाखवा. ज्यांना त्या वाचता येत नाहीत त्यांच्याकडून पैसे घेतले तर पुढची कित्येक वर्षं दर बैठकीत हाच संवाद करावा लागेल.

तिठा

मला इथे असहमती नोंदवायची आहे. तुम्ही लिहिलंय ते सास कंपनीला, म्हणजे ठरावीक शुल्कावर इंटरनेटवरून सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला लागू पडतं. नेटवर्कवर चालणाऱ्या, म्हणजे जितके जास्त लोक तितकं उपयोगी अशा प्रॉडक्टला नाही. मेसेजिंग, मार्केटप्लेस, पेमेंट यांत जो आधी आकाराने मोठा होतो तो जिंकतो. टिकाव सिद्ध होईपर्यंत थांबलात तर दुसरा कुणीतरी सगळं घेऊन जातो. फ्रेंडस्टर ही सोशल नेटवर्क साइट बघा. २००२ मध्ये, फेसबुकच्या आधी, मायस्पेसच्या आधी बाजारात होतं. आज कुणाला आठवतही नाही. बाजारात वेगाला पर्याय नसतो आणि वेगाला पैसा लागतो. मी अशाच एका मार्केटप्लेसमध्ये वाढीचं काम पाहिलं आहे. दोन्ही बाजू एकदम हव्या असतात, विक्रेते नसतील तर खरेदीदार येत नाहीत आणि उलटही. एका बाजूला पैसे देऊन आणावंच लागतं.

घडणावळ

तिठा, मुद्दा महत्त्वाचा आहे. फक्त फ्रेंडस्टरचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. त्यांच्याकडे लोक येत नव्हते असं झालं नाही. लोक भराभर आले, साइट इतकी संथ झाली की पानं उघडायला प्रचंड वेळ लागू लागला, आणि आलेले लोक निघून गेले. ती टिकावाची हार होती, वाढ जोरात चालू असताना झालेली.

फेसबुकने काय केलं? २००४ च्या फेब्रुवारीत फक्त हार्वर्ड. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल. सर्वांसाठी दार उघडलं ते २००६ च्या सप्टेंबरात. प्रत्येक कॅम्पसमध्ये आधी दाट वापर, मग पुढचं कॅम्पस. नेटवर्कच्या प्रॉडक्टला आकार लागतो हे मान्य, पण तो आकार एका छोट्या वर्तुळात दाट असला तरी पुरतो. माझे मित्र जिथे आहेत तिथे मी राहतो, जगातले किती लोक तिथे आहेत याने मला फरक पडत नाही. लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनीही २००९ मध्ये न्यू यॉर्कला जाऊन यजमानांच्या घरी भेटी दिल्या, घरांचे चांगले फोटो स्वतः काढले. तेव्हा त्यांचं सगळ्या जगात पसरायचं स्वप्न होतंच, पण काम एका शहरात चाललं होतं.

आणि व्हॉट्सॲप. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं तेव्हा ४५ कोटी लोक ते महिन्याला वापरत होते आणि कंपनीत ५५ कर्मचारी होते. एवढा वेग विकत घेतलेला नव्हता. मेसेज पोचायचा, दरवेळी पोचायचा, स्वस्त फोनवरही पोचायचा, म्हणून माणूस राहायचा आणि दुसऱ्याला आणायचा.

मार्केटप्लेसमध्ये एका बाजूला पैसे देऊन आणावं लागतं हे मी मान्य करतो. तिथे माझा प्रश्न एवढाच असेल: सवलत बंद केलेल्या भागात लोक राहिले का?

तिठा

फ्रेंडस्टरबद्दलचं पटलं, त्या बाजूने मी पाहिलं नव्हतं. सवलतीबद्दल मात्र मी अजून थोडा वेगळा विचार करतो. सवलत एकदम बंद केली की पुरवठादार चिडतात, आणि त्यांचं चिडणं योग्यच असतं, त्यांनी गाडी किंवा माल कर्जावर घेतलेला असतो. त्यामुळे प्रयोग करायचा तर नव्या येणाऱ्यांवर करावा, जुन्यांना दिलेला शब्द ठरलेल्या मुदतीपर्यंत पाळावा. वाढीच्या गणितात ही माणसं फक्त "सप्लाय" म्हणून येतात हे मला त्या कामात सर्वात खुपलं.

कळसूत्र

हार्डवेअरच्या बाजूने भर घालतो. आमच्याकडे कोहॉर्ट बघत बघत सुधारणा करायची सोय नाही. चिप एकदा छापली की छापली, पुढची आवृत्ती येईपर्यंत कित्येक महिने आणि प्रचंड पैसा जातो. मग टिकावाचा पुरावा आधी कुठून आणायचा?

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची सुरुवातीची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. १९९३ मध्ये स्थापना. १९९५ ची त्यांची पहिली चिप एनव्ही१ ही चित्रं वक्र पृष्ठभागांनी काढायची. उद्योग त्रिकोणांकडे वळला, मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टथ्रीडी हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर त्रिकोणांवर आलं आणि चिप एकटी पडली. तेव्हा त्यांच्याकडे सेगा या जपानी गेम कंपनीचं कन्सोलसाठीचं काम होतं, तेही त्याच जुन्या पद्धतीचं. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सेगाला जाऊन स्पष्ट सांगितलं की ही दिशा चुकीची आहे, हे काम पूर्ण करण्यात तुमचंही हित नाही, पण पैसे मिळाले नाहीत तर आम्ही बुडतो. सेगाने ५० लाख डॉलर दिले. कंपनीने अर्ध्याहून जास्त लोक कमी केले. पुढची चिप, रिव्हा १२८, छापण्याआधी एम्युलेटरवर, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या यंत्रावर चालवून तपासली, कारण दुसऱ्या प्रयत्नाला पैसेच उरले नव्हते. १९९७ मध्ये ती आली आणि चालली.

मला यातून दिसतं ते असं: जिथे सुधारणेचं चक्र महाग आहे तिथे पुरावा प्रयोगशाळेत आधी तयार करावा लागतो. तपासणीची साधनं हा खर्चाचा भाग समजून कापू नयेत. आणि ग्राहकाला वाईट बातमी लवकर सांगावी. सेगाने मदत केली कारण त्यांना सत्य वेळेवर कळलं. वितरणाच्या तारखेला कळलं असतं तर ती मदत मिळाली नसती असं मला वाटतं.

सांजवात

माणसांबद्दल लिहा असं धागाकर्त्यांनी म्हटलंय, म्हणून लिहिते. मी फाउंडर नाही. दोन कंपन्यांत अगदी सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी होते, दोन्ही वाढताना आतून पाहिल्या.

सात जणांच्या टीममध्ये जोड्या होतात २१. म्हणजे कुणाचं कुणाशी बोलणं व्हायला हवं अशा वाटा २१. पंधरा जणांत १०५. पन्नास जणांत १२२५. म्हणून सात जणांत जे आपोआप सगळ्यांना कळतं ते पन्नास जणांत कुणालाच कळत नाही, आणि फाउंडरला मात्र वाटत राहतं की "मी तर सांगितलं होतं". एकदा तोंडी सांगितलेलं पुरत नाही. निर्णय काय झाला, का झाला, कोणते पर्याय सोडले, हे लिहून ठेवायची सवय पंधराव्या माणसाच्या आधी लावा. नंतर लावायला गेलात की लोकांना ती नोकरशाही वाटते.

दुसरी गोष्ट मी जास्त पोटतिडकीने सांगते. इसॉप (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) देताना पहिल्या माणसांना पूर्ण हिशेब समजावून सांगा. "एक टक्का" ऐकून माणूस पगार कमी घेतो. पण समजा गुंतवणूकदारांनी ४० कोटी लावले आहेत, त्यांचा वाटा ४० टक्के आहे आणि एकपट लिक्विडेशन प्रेफरन्स आहे. म्हणजे विक्री झाली की आपली रक्कम किंवा आपला वाटा, यांतलं जे जास्त असेल ते ते आधी घेतात. कंपनी ५० कोटींना विकली गेली. ४० टक्क्यांनी २० कोटी होतात, म्हणून ते ४० कोटी परत घेतात. उरलेले १० कोटी बाकीच्या ६० टक्क्यांत वाटले जातात. एक टक्कावाल्याला ५० लाखांऐवजी साधारण साडेसोळा लाख मिळतात. बातमीत "५० कोटींना विक्री" असं येतं आणि नातेवाईक अभिनंदन करतात.

यात कुणी फसवणूक केलेली नसते, करार तसाच असतो. पण तो करार फाउंडरने वाचलेला असतो आणि इंजिनिअरने नाही. शिवाय नोकरी सोडल्यावर ऑप्शन, म्हणजे तो शेअर घ्यायचा हक्क, वापरायला किती मुदत आहे ते विचारा. बऱ्याच करारांत ती फक्त ९० दिवस असते. एवढ्यात शेअरचे पैसे आणि त्यावरचा कर भरणं जमलं नाही तर वर्षांची मेहनत जाते. ही मुदत वाढवून देणं फाउंडरच्या हातात असतं आणि त्याला आज रोख खर्च काही येत नाही. कृपया द्या.

ओंजळ

सांजवात, आमच्या पहिल्या दोन सहकाऱ्यांची ऑफर लेटर्स याच आठवड्यात जाणार होती. आधी हा हिशेब त्यांच्यासमोर मांडणार आणि मगच पत्रं देणार. मनापासून आभार.

वाटसरू

मी बाहेरचा पैसा न घेता कंपनी चालवणाऱ्यांपैकी आहे, त्या बाजूने बोलतो. फंडिंग घ्यायचं की नाही हा तत्त्वाचा प्रश्न करू नये. धंद्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. ईमेल मार्केटिंगचं सॉफ्टवेअर देणारी मेलचिंप २००१ मध्ये सुरू झाली, गुंतवणूक कधीच घेतली नाही, २०२१ मध्ये इंट्युइटने सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. झोहो १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून सुरू झाली. आधी नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर केलं, त्या कमाईवर पुढची प्रॉडक्ट्स उभी केली. टीमच्या कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी ॲटलासियन २००२ ची, पहिली बाहेरची गुंतवणूक २०१० मध्ये. तिन्हींमध्ये ग्राहक स्वतः येऊन थेट पैसे देतो आणि प्रॉडक्ट द्यायचा वाढीव खर्च कमी असतो. कळसूत्र यांच्या चिपला हे कसं लागू होणार?

फंडिंग घ्यायचंच असेल तर आपला वाटा विरळ होण्याचं गणित आधी मांडा. गुंतवणुकीच्या प्रत्येक राउंडला (फेरीला) २० टक्के गेले तर तीन राउंडनंतर फाउंडरांकडे मिळून ५१ टक्के उरतात. मध्ये १० टक्क्यांचा इसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखीव शेअर, काढला तर ४६. म्हणजे दोघे फाउंडर असतील तर प्रत्येकी २३. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तिसऱ्या राउंडच्या वेळी पहिल्यांदा कळू नये.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी वार्षिक पैसे आगाऊ घ्या, थोडी सवलत देऊन. ग्राहकाचा आगाऊ पैसा हा सर्वात स्वस्त भांडवलपुरवठा आहे. फक्त तो अजून आपण कमावलेला नाही हे विसरू नये, सेवा द्यायची बाकी असते.

अवकाळी

आमची अडचण वेगळी आहे. प्रॉडक्ट कंपनी म्हणून सुरू केलं, पण एक मोठा ग्राहक मिळाला आणि त्याच्या मागण्यांवरच टीम चालली आहे. पैसा चांगला येतो. कमाईतला निम्म्याहून जास्त भाग त्यांचाच. नाही म्हणता येत नाही आणि प्रॉडक्ट पुढे सरकत नाही. यातून कुणी बाहेर आलंय का?

घडणावळ

अवकाळी, बाहेर येता येतं, पण एका झटक्यात नाही. सेवेचा पैसा हा शत्रू नाही. थर्टीसेव्हन सिग्नल्स ही १९९९ पासून वेब डिझाइनची कामं करणारी कंपनी होती. बेसकॅम्प हे प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच्या प्रोजेक्टच्या गरजेतून बनवलं, २००४ मध्ये बाजारात आणलं, आणि ग्राहकांची डिझाइनची कामं प्रॉडक्टची कमाई पुरेशी होईपर्यंत चालू ठेवली. वाटसरू यांनी झोहोचं सांगितलं तेही याच जातीचं.

तुमच्याकडे बिघडलंय ते वेगळं आहे: सेवा आणि प्रॉडक्ट एकाच टीमकडे, एकाच कोडमध्ये आहेत. तातडी नेहमी पैसे देणाऱ्याची असते, त्यामुळे प्रॉडक्टचं काम उद्यावर जातं. मी असं करेन. आधी टीमचे दोन भाग, भले प्रॉडक्टकडे दोनच माणसं असोत. त्या दोघांना मोठ्या ग्राहकाच्या कामाला कोणत्याही कारणाने ओढायचं नाही, हा नियम फाउंडरने स्वतः पाळायचा. मग त्या ग्राहकाच्या प्रत्येक मागणीला एक प्रश्न लावायचा, ही गोष्ट आणखी तीन ग्राहक पैसे देऊन घेतील का? घेतील असं वाटलं तर ती प्रॉडक्टमध्ये, सर्वांसाठी. नाही वाटलं तर वेगळ्या भागात, वेगळ्या दराने, आणि तो दर चढा. चढ्या दरामुळे निम्म्या मागण्या आपोआप गळतात, कारण त्या खरंच गरजेच्या नव्हत्या.

कराराची मुदत संपण्याआधी सहा महिने हा विषय त्यांच्याशी उघड बोला. मोठ्या कंपनीतल्या माणसालाही पुरवठादार एकाच ग्राहकावर टांगलेला असणं धोक्याचं वाटतं. आणि त्या काळात कोडची मालकी कुणाची आहे ते करारात नीट बघा. तुम्ही बनवलेलं त्यांच्या नावावर असेल तर वरचं काहीच करता येणार नाही.

कळसूत्र

एआयवर प्रॉडक्ट करणाऱ्यांसाठी एक भर. तिथे गळतीचा आकडा सुरुवातीला फसवतो, कारण लोक कुतूहलाने पैसे भरून बघतात. पहिल्या महिन्यांच्या रेघेवरून निष्कर्ष काढू नका. आणि प्रत्येक वापराला मॉडेलचा खर्च असतो, जुन्या सास कंपन्यांत तो नगण्य होता. ठरावीक मासिक शुल्क ठेवलं तर सर्वात जास्त वापरणारा, म्हणजे सर्वात निष्ठावान ग्राहक, तोट्याचा ठरू शकतो. टिकाव मोजताना शेजारी ग्राहकवार मार्जिन, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे खर्च वजा जाता काय उरतं ते, मांडलंच पाहिजे.

घडणावळ

अगदी बरोबर. मी लिहिलेल्या हिशेबात ही दुरुस्ती हवीच होती.

तिठा

थांबायचं कधी, यावरही कुणी लिहावं असं वाटतं. सगळे चिकाटीबद्दल बोलतात.

सांजवात

कर्मचाऱ्याच्या बाजूने सांगते. पैसे शिल्लक असताना थांबा. स्लॅक या ऑफिसातल्या चॅटच्या ॲपच्या आधीची गोष्ट मला म्हणूनच आवडते. स्टुअर्ट बटरफिल्ड यांची टीम ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम करत होती, २०११ मध्ये तो आला, २०१२ मध्ये बंद केला. कंपनीत पैसे उरले होते. खेळणाऱ्यांना त्यांनी भरलेले पैसे परत देऊ केले, ज्यांची नोकरी जात होती त्यांना दुसरीकडे काम मिळावं म्हणून खटपट केली. उरलेल्या मोजक्या लोकांनी आपापसात वापरायला बनवलेल्या चॅटच्या साधनावर काम सुरू केलं, तेच २०१४ मध्ये स्लॅक म्हणून सर्वांसमोर आलं. शेवटचा पगार, ग्राहकांचा डेटा परत द्यायचा वेळ, देणेकऱ्यांचे पैसे, एवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि खातं त्या रेषेला आलं की निर्णय घ्यावा. ती रेषा चांगल्या दिवसांत ठरवा, वाईट दिवसांत ती प्रत्येक आठवड्याला खाली सरकते.

अवकाळी

सगळ्यांचे आभार. को-फाउंडरबद्दल एक विचारतो. आम्ही दोघांनी सरळ निम्मे निम्मे शेअर घेतले, वेस्टिंग (काम केलेल्या काळानुसार शेअर हळूहळू पक्के होणं) काही ठेवलं नाही. दोघांत सगळं छान आहे. आता वेस्टिंगचा विषय काढला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?

वाटसरू

छान आहे तोवरच काढा. चार वर्षांचं वेस्टिंग, पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्षाआधी सोडलं तर काहीच पक्कं नाही, ही सर्वसाधारण पद्धत आहे. तुम्ही आधीच काम केलेलं असल्याने झालेल्या काळाचे शेअर पक्के धरा आणि उरलेल्यावर वेस्टिंग लावा. ते दोघांना सारखं लागू होतं, म्हणून अविश्वासाचा प्रश्न येत नाही. कुणी आजारी पडतं, कुणाला घरच्यांसाठी थांबावं लागतं. निम्मे शेअर काम न करणाऱ्याकडे अडकले की नवा गुंतवणूकदारही येत नाही आणि नवा चांगला माणूसही. गुंतवणूक घ्याल तेव्हा ते हे मागतीलच, त्याआधी आपल्या मनासारखं लिहून घेतलेलं बरं.

ओंजळ

शेवटचा प्रश्न माझा. विक्रीसाठी पहिला माणूस कधी घ्यावा? आम्हा दोघींनाही विक्री येत नाही असं वाटतं.

घडणावळ

आत्ता नको. पहिले ग्राहक तुम्हीच मिळवलेत ना, म्हणजे येते. नकार कुठल्या वाक्यावर मिळतो, होकार कुणाच्या तोंडून मिळतो, किती भेटींनंतर मिळतो, हे तुम्हाला कागदावर लिहिता येईल एवढी विक्री आधी स्वतः करा. डॉक्टरांना काय दाखवल्यावर ते पुढे झुकून बघतात हे तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही, आणि तीच माहिती प्रॉडक्टमध्ये परत जाते.

तो कागद तयार झाला की माणसं घ्या, आणि जमत असेल तर एकाऐवजी दोन एकदम घ्या. एकच असेल आणि विक्री झाली नाही, तर माणूस कमी पडला की पद्धत कमी पडली हे कळत नाही. दोघांना सारखाच कागद, सारखाच भाग द्या. पहिले काही आठवडे त्यांच्या भेटींना सोबत जा, पण बोलू त्यांनाच द्या. आणि त्यांचा इन्सेंटिव्ह ग्राहकाने सही केल्यावर पूर्ण देऊ नका. अर्धा तेव्हा, अर्धा तो दवाखाना सहा महिन्यांनी रोज नोंदी करत असेल तर.